परीक्षेशिवाय मूल्यमापन करताय? या चुका टाळा

2010 साली महाराष्ट्रातल्या शाळांत आकारिक मूल्यमापन आलं, म्हणजे मूल शिकत असतानाच वर्षभर केलेलं मूल्यमापन. लेखी चाचणीसोबत निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प अशी साधनतंत्रं मिळाली. पहिली-दुसरीला तर 70 गुण आकारिकचे आणि 30 संकलितचे, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेचे. मुलाकडे नीट बघायला एवढी मोकळीक मिळाली आणि आपण व्हॉट्सॲपवर आलेल्या वर्णनात्मक नोंदी उतरवून काढल्या.

सगळ्यात जास्त डोक्यात जाते ती हीच चूक. हसू नका, पहिल्या वर्षी मीही केली. मार्चमध्ये एका बैठकीत सगळी नोंदवही भरली. एका मुलीपुढे लिहिलं, ‘परिपाठात उत्साहाने सहभागी होते.’ तिची आई वाचून म्हणाली, “बाई, पाय मोडला म्हणून ती दीड महिना घरीच होती की!” तेव्हापासून पर्समध्ये छोटी डायरी असते. रोज पाच मुलं, प्रत्येकी एक ओळ. ‘हातचा धरायला विसरतो, पण विचारलं की स्वतःच सुधारतो.’ ‘चांगला’, ‘उत्तम’ हे शब्द डायरीत बंद.

दुसरी चूक म्हणजे प्रकल्पाच्या देखणेपणाला गुण देणं. अप्पा बळवंत चौकातून आणलेले चार्ट आणि बाबांनी रात्री जागून कापलेलं थर्माकोल यांना आपण ‘अ’ देतो. माझ्या वर्गात एकाने गळक्या नळाखाली बादली ठेवून तासातासाला पाणी मोजलं होतं. वही मळकी, अक्षर कोंबडीचे पाय. मी आधी ती बाजूलाच सारली होती. मग सहज विचारलं, “हे कसं केलंस?” पोरगं दहा मिनिटं थांबेना. शेजारी धरणाची चकचकीत प्रतिकृती आणलेल्याला मात्र धरण कोणत्या नदीवर आहे तेही सांगता येईना. आता कुठलाही प्रकल्प आला की आधी दोन मिनिटं तोंडी, मग गुण.

बाकीच्या चुका थोडक्यात. निकष मुलांना कामाआधी सांगा, नंतर नव्हे. श्रेणीचे सात स्तर पाडू नका, तीन पुरतात. मुलाचं काम जपायच्या संचिकेत फक्त सुंदर कागद लावू नका, पहिला चुकलेला कागदही तारखेसह हवा. सहाध्यायी मूल्यमापनात, म्हणजे मुलं एकमेकांचं काम तपासतात तेव्हा, गुण द्यायला लावाल तर मैत्री मोजली जाईल. त्यापेक्षा एक सूचना लिहायला सांगा.

नवे शिक्षक आले की पहिला प्रश्न, “मॅडम, तयार फॉरमॅट आहे का?” दुसरा, “चाळीस मुलांचं लिहायचं कधी?” रोज पाच धरली तर आठ दिवसांत वर्ग पुरा होतो. मधल्या सुट्टीतला चहा तेवढा गार होतो.