टीव्हीवरचं विक्कन कुटुंब: बघताना आणि त्यावर लिहिताना या चुका टाळा

माझी भाची सोळा वर्षांची आहे. नेटफ्लिक्सवर ‘चिलिंग ॲडव्हेंचर्स ऑफ सब्रिना’ ही जादू करणाऱ्या मुलीची मालिका संपवून तिने मला विचारलं, “मावशी, विक्का म्हणजे सैतानाची पूजा ना?” विक्का हा देवीची आणि निसर्गाची उपासना करणारा आधुनिक धर्म आहे, आणि तो पाळणारे ते विक्कन. मी उपशीर्षकांचं काम करते, त्यामुळे अशा मालिका माझ्या हाताखालून बऱ्याच गेल्यात. तरी तिला धड उत्तर द्यायला मला अर्धा तास लागला, कारण एका प्रश्नात चार-पाच गैरसमज एकमेकांत अडकले होते. ते एकेक करून सोडवू.

जादू करणारं प्रत्येक घर विक्कन समजणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. १९६४ ते १९७२ या काळात चाललेल्या ‘बिविच्ड’मधली समँथा नाक हलवते आणि काम होतं. तिच्या मुलीला, टॅबिथाला, ही शक्ती आईकडून मिळते. ‘चार्म्ड’मधल्या (१९९८ ते २००६) हॅलिवेल बहिणींनाही ती आईकडून आणि आजीकडून आलेली आहे. म्हणजे या घरांत जादू हा रक्ताचा वारसा आहे. विक्का हा मात्र धर्म आहे. इंग्लंडमध्ये १७३५ चा चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला, १९५४ मध्ये विक्काचे प्रवर्तक जेराल्ड गार्डनर यांचं पुस्तक आलं आणि हा पंथ उघडपणे लोकांसमोर आला. यात माणूस अभ्यासाने, दीक्षेने किंवा घरी एकट्याने साधना करत येतो. बोटातून वीज कोणाच्याच निघत नाही.

म्हणून मालिका बघताना एकच गोष्ट तपासा: या घरातल्या माणसांकडे जे आहे ते जन्माने आलंय की श्रद्धेने? जन्माने आलं असेल तर ती परीकथा आहे. परीकथा म्हणून ती खुशाल आवडू द्या, फक्त तिच्यावरून खऱ्या लोकांबद्दल मत बनवू नका.

गोंधळ होतो तो ‘चार्म्ड’सारख्या मालिकांमुळे, कारण त्यांतले शब्द खरे असतात. पहिल्या भागात फीबी माळ्यावर जाते, जुन्या पेटीतून एक जाडजूड पुस्तक काढते आणि त्यातला मंत्र मोठ्याने वाचते. ते ‘बुक ऑफ शॅडोज’. हे नाव विक्काचंच आहे. पण खऱ्या घरात ती साधकाची स्वतःची वही असते. विधी, प्रार्थना, वनस्पतींची टिपणं असं सगळं त्यात असतं, आणि जुन्या परंपरेत ती गुरूच्या वहीवरून हाताने उतरवून घेतात. आपल्याकडे आजीच्या वहीत आरत्या आणि काढे एकत्र लिहिलेले सापडतात, तशी. मालिकेत त्याच वहीचा राक्षसांचा कोश झाला. शब्द ओळखीचा वाटला म्हणून अर्थही तोच असेल असं धरू नका.

सैतानाला देव्हाऱ्यात बसवणं

सब्रिनाचं स्पेलमन घराणं ‘चर्च ऑफ नाइट’चं आहे. सोळाव्या वाढदिवशी तिने डार्क लॉर्डच्या, म्हणजे सैतानाच्या, पुस्तकात सही करावी असा घरच्यांचा आग्रह असतो. यातलं काहीही विक्कात नाही. विक्कन लोक साधारणपणे देवी आणि शिंगं असलेला देव मानतात. हा देव रानाचा आणि ऋतुचक्राचा आहे. सैतान ही ख्रिस्ती धर्मातली कल्पना आहे, ती या उपासनेत येत नाही. मालिकेतल्या बॅफोमेटच्या, म्हणजे बोकडाचं डोकं असलेल्या मूर्तीच्या, पुतळ्यावरून २०१८ मध्ये निर्मात्यांवर दावा झाला, तो ‘सॅटॅनिक टेंपल’ या अगदी वेगळ्या संघटनेने केला होता. बातम्या वाचताना तेवढं नाव नीट बघा.

मुलांच्या बाबतीतली गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. विक्कन घरात बाळासाठी ‘विक्कनिंग’ नावाचा आशीर्वादाचा विधी करतात, पण त्याने ते मूल जन्मभर बांधलं जात नाही. मोठं होऊन त्याने आपला मार्ग निवडायचा असतो, आणि बहुतेक गट अठरा वर्षांखालच्यांना दीक्षाच देत नाहीत. पोरीकडून जबरदस्तीने सही घेणारं कुटुंब दाखवलं की याच्या बरोबर उलटं चित्र लोकांच्या मनात बसतं.

सेलमची वंशावळ खरी मानणं

‘चार्म्ड’मधल्या बहिणींची पूर्वज मेलिंडा वॉरन अमेरिकेतल्या सेलम गावात चेटकाच्या आरोपावरून जिवंत जाळली गेल्याचं दाखवलंय. प्रत्यक्षात १६९२ च्या सेलम खटल्यांत एकोणीस जणांना फाशी झाली आणि एकाला दगडांखाली दडपून मारलं. जाळलं कोणालाच नाही. ती माणसं विक्कनही नव्हती. ती आपल्यावरचा आळ शेवटपर्यंत नाकारणारी ख्रिस्ती माणसं होती.

खऱ्या कुटुंबांकडे दुर्लक्ष करणं

मला सगळ्यात जास्त लागतं ते हे. विक्कन घरांवर खरोखर गुदरलेल्या गोष्टी मालिकांमध्ये जवळजवळ दिसत नाहीत. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात एका घटस्फोटित विक्कन जोडप्याला न्यायाधीशाने आदेश दिला, की मुलाला ‘मुख्य प्रवाहाबाहेरच्या’ श्रद्धांपासून दूर ठेवा. आई आणि बाप दोघेही विक्कन, दोघांचंही त्यावर एकमत, आणि तरी हा आदेश. २००५ मध्ये वरच्या न्यायालयाने तो रद्द केला. त्याच वर्षी अमेरिकन सैन्यातले विक्कन सार्जंट पॅट्रिक स्टुअर्ट अफगाणिस्तानात मारले गेले. त्यांच्या स्मृतिफलकावर पेंटॅकल, म्हणजे वर्तुळातला पाच टोकांचा तारा हे विक्काचं चिन्ह, कोरून घ्यायला त्यांच्या पत्नीला लढावं लागलं. अमेरिकन सरकारने सैनिकांच्या थडग्यांसाठी ते चिन्ह २००७ मध्ये मान्य केलं. क्रॉस कोरायला कोणाच्या विधवेला झगडावं लागत नाही.

टीव्हीने काय केलं? २०१३ मध्ये मिसुरी विद्यापीठाच्या धार्मिक सणांच्या मार्गदर्शिकेत विक्कन सण आहेत म्हणून फॉक्स न्यूजवर त्या लोकांची टिंगल झाली. निषेध झाल्यावर तिथले निवेदक टकर कार्लसन यांनी माफी मागितली. त्यातल्या त्यात बरं उदाहरण म्हणजे ‘ट्रू ब्लड’मधली हॉली: हॉटेलात वेट्रेसचं काम करणारी, दोन वयात आलेल्या मुलांची आई आणि विक्कन. मालिका रक्तपिपासूंची असली तरी हॉली नोकरी करते, घर चालवते, मुलांना रागावते.

विधीचा प्रसंग आला की सुऱ्याकडे लक्ष द्या. काळ्या मुठीचा अथामे वर्तुळ आखायला, ऊर्जेला दिशा द्यायला वापरतात. त्याने कोणाचं रक्त काढत नाहीत. पडद्यावर तळहात कापला गेला की तो पटकथाकाराचा विधी समजा. ‘सावन’ (Samhain) हा ३१ ऑक्टोबरचा विक्कन सण गेलेल्या माणसांच्या आठवणीचा आहे. काही घरांत त्या रात्री त्यांच्यासाठी ताट वाढतात. सर्वपित्रीचं पान आठवेल आपल्याला.

‘विच’ला सरसकट ‘चेटकीण’ म्हणणं

ही चूक मी स्वतः केली आहे. एका उपशीर्षकात ‘चेटकिणींचं घराणं’ लिहून मोकळी झाले, आणि नंतर ते फार खुपलं. आपल्याकडे हा शब्द गोष्टींपुरता नाही. त्याच आळावरून बायकांना मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढलं आहे. करणी-जादूटोण्याचा आळ घेऊन छळ करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. स्वतःहून एक धर्म पाळणाऱ्या माणसाला तो शब्द लावणं चूकच. शिवाय विक्कात पुरुषही स्वतःला विच म्हणवतात, त्यांचं काय करणार?

आता मी असं करते: परीकथा असेल तर चेटकीण, धर्म असेल तर विक्कन, आणि पात्र स्वतःला विच म्हणवत असेल तर विचच ठेवते. विक्कन लोक एकमेकांना म्हणतात त्या ‘ब्लेस्ड बी’ला बराच काळ शब्द सापडत नव्हता. भाचीला त्या अर्ध्या तासात समजावताना ‘कल्याण असो’ तोंडून गेलं, तेव्हापासून तेच लिहिते.