कालवं पालनाला सरकारी अनुदान हवंय? आधी खाडीचं पाणी मोजा

खाडीत कालवं (खाऱ्या पाण्यातले शिंपल्यातले जीव, इंग्रजीत ऑयस्टर) पाळायची आणि त्यासाठी सरकारी पैसा मिळवायचा असं ज्या बचत गटांनी ठरवलंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. डोळ्यासमोर सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या खाड्या आहेत, रायगडवाल्यांनाही बरंचसं लागू पडेल. अर्जात बहुतेक जण एवढंच लिहितात की महिलांना रोजगार मिळेल, कालवं हॉटेलात जातील, चार पैसे येतील. ते खरंच आहे, पण कालवं पाणी गाळतात आणि त्याचा फायदा सगळ्या खाडीला होतो, मासे मारणाऱ्याला होतो, पर्यटकांना फिरवणाऱ्यालाही होतो, आणि जनतेचा पैसा मागायला याहून सरळ कारण मला तरी दिसत नाही. तरी अर्जात ते येत नाही, कारण कोणी काही मोजलेलंच नसतं.

म्हणून अर्जाचा कागद हातात घ्यायच्या आधी पाणी मोजायला लागा, निदान एक अख्खा हंगाम तरी. जास्त काही लागत नाही. खारटपणा बघायला रिफ्रॅक्टोमीटर, विरघळलेल्या ऑक्सिजनची किट, आणि गढूळपणासाठी काळा-पांढरा रंग दिलेली थाळी दोरीला बांधून पाण्यात सोडायची, ती दिसेनाशी झाली की दोरी किती गेली ते लिहायचं. जागा ठरलेली ठेवा आणि भरती-ओहोटीची वेळ पण तीच ठेवा, एकदा उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती) आणि एकदा भांगाला (अष्टमीच्या सुमाराची छोटी भरती), नाहीतर आकड्यांची तुलनाच होणार नाही. रॅक, म्हणजे कालवांच्या माळा टांगायचा बांबूचा सांगाडा, लावायच्या जागेवर एक नोंद आणि तिथून लांब, जिथे काही लावणार नाही अशा जागी दुसरी नोंद, हे तर करायचंच, कारण उद्या साहेबांनी विचारलं की पाणी कालवांमुळेच सुधारलं कशावरून तर दाखवायला तेवढंच असतं. जिवाणूंची तपासणी मात्र घरी होत नाही, नमुना लॅबला द्यावा लागतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने समुद्राच्या पाण्याचे वर्ग पाडलेत, शिंपले धरणं आणि पाळणं एसडब्ल्यू-१ मध्ये येतं आणि तिथे ऑक्सिजन लिटरला किमान ५ मिलिग्रॅम लागतो. तुमचा आकडा याच्या शेजारी मांडा.

जागा निवडताना ओहोटीला पण मीटर-दीड मीटर पाणी राहील असं बघा, खारटपणा साधारण हजारी २२ ते ३५ (पीपीटी) च्या मध्ये असावा. पावसात आपल्या खाड्या गोड होतात, म्हणून पाऊस संपला की लावायचं आणि पुढच्या पावसाआधी काढायचं असं धरून चाला. कालवांची पिल्लं कुठल्या महिन्यात कुठे चिकटतात हे त्याच खाडीत कालवं फोडायला जाणाऱ्या बायकांना विचारा, त्यांना सगळं माहीत असतं आणि त्यांना गटात घ्याच, ज्यांची रोजची जागा तुम्ही घेताय त्यांनाच बाहेर ठेवून सरकारी पैसा घेणं मला अजिबात पटत नाही. पद्धत सोपी आहे, जुने शिंपले भोकं पाडून दोरीत ओवायचे आणि बांबूच्या रॅकला माळा टांगायच्या, पिल्लं त्यांनाच चिकटून वाढतात. पण दाटी करू नका. कालव गाळलेला गाळ खालीच टाकतं, माळा फार जवळ असल्या आणि प्रवाह कमी असला तर तळाचा ऑक्सिजन कमी होतो, मग पाणी सुधारायचं राहिलं बाजूला.

आता पैशाचं. महाराष्ट्रात सगळ्यात जवळचं दार म्हणजे २०१७ ची कांदळवन (खारफुटी) संरक्षण व उपजीविका निर्माण योजना, वन विभागाच्या कांदळवन कक्षाची. गावात कांदळवन सह-व्यवस्थापन समिती असते, तिच्यातून प्रस्ताव जातो, खेकडा पालन, शिणाणे (हिरवे शिंपले) पालन यांच्याबरोबर कालवं पालन पण त्यात बसतं, गटाला ९० टक्के आणि एकट्याला ७५ टक्के अनुदान असं तिचं गणित आहे. दुसरं दार २०२० ची प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना, तिथे सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. हा प्रस्ताव मत्स्यव्यवसाय विभागाकडे द्यायचा आणि जिल्हा समितीतून तो वर जातो. कुठल्या वर्षी कशाला पैसे शिल्लक आहेत हे ऑफिसात जाऊनच विचारा. आणि सगळे पैसे आधी हातात येतील असं समजू नका, आपला हिस्सा आणि पहिल्या खरेदीचे पैसे बाजूला ठेवूनच सुरुवात करा.

कागदांत ग्रामपंचायतीचा ठराव, गटाचं बँक खातं, जागेचा जीपीएससकट नकाशा आणि नाहरकत. खाडी कोणाच्या बापाची नसते, म्हणून मत्स्यव्यवसाय, मेरीटाइम बोर्ड आणि कांदळवन असेल तर वन विभाग, तिघांनाही विचारावं लागतं, मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे तिथे तर जास्तच काटेकोर. होड्यांची वाट अडत नाही हे नकाशात दाखवा, मच्छीमार सोसायटीची सही आधीच घ्या.

बजेटमध्ये बांबू, दोरी, होडीभाडं, मजुरी सगळे लिहितात, त्यातच पाणी तपासणीचा वेगळा खर्च टाका. आणि एक हिशोब जोडा. अमेरिकेत चेसापीक बे मध्ये २०१६ पासून, पाळून बाहेर काढलेल्या कालवांतला नायट्रोजन आणि फॉस्फरस खाडी सुधारण्याच्या हिशोबात अधिकृतपणे धरतात. तिथल्या कालवाच्या सुक्या मांसात नायट्रोजन ८.२ टक्के धरलाय. आपली जात वेगळी आहे हे स्पष्ट लिहा, पण अंदाजाला हरकत नाही, म्हणजे १०० किलो ओलं मांस काढलं आणि त्यातलं २० किलो सुकं धरलं तर दीडेक किलो नायट्रोजन खाडीतून बाहेर गेला. आकडा छोटा वाटेल, छोटाच लिहा. फुगवलेला आकडा पहिल्याच तपासणीत पडतो आणि मग पुढच्या गटावर पण कोणी विश्वास ठेवत नाही. एक कालव दिवसाला ५० गॅलन पाणी गाळतं असं सगळीकडे वाचायला मिळतं, ते सगळं अनुकूल असताना, तेही तिकडच्या जातीचं, तो आकडा अर्जात नको.

सांडपाणी कालवांनी साफ करू असं तर चुकूनही लिहू नका. गटार खाडीत सुटत असेल तर ते आधी बंद व्हायला हवं, त्याच ठरावात ग्रामपंचायतीकडून तसं लिहून घ्या. कालव पाण्यातले जिवाणू अंगात साठवतं, स्वच्छ पाण्यात ठेवून त्यातले बरेचसे निघतात पण जड धातू तसे निघत नाहीत. न्यूयॉर्क बंदरात २०१४ पासून मोठ्या प्रमाणावर कालवं सोडतायत, ती खायची नाहीतच असं ठरवूनच. तुमच्या खाडीचा लॅब रिपोर्ट वाईट आला तर विक्रीचा प्रस्ताव थांबवा, लोकांच्या पोटाचा प्रश्न आहे.

मंजुरी आल्यावर तीच वही, त्याच दोन जागा, तेच उधाण-भांग, चालू ठेवा. दर हंगामाला एक पान भरून मत्स्यव्यवसाय आणि कांदळवन कक्ष दोघांना पोचपावती घेऊन द्या, त्यांनी मागितलं नसलं तरी. विकून झाल्यावर उरलेले शिंपले उकिरड्यावर टाकू नका, उन्हात नीट वाळवून पुढच्या माळांना वापरा, दुसऱ्या वर्षीच्या बजेटमधला तेवढा खर्च कमी होतो.