साताऱ्यात घरच्यांना घेऊन जेवायला जाताना

हायवेवरची झगमगीत हॉटेलं सोडा, पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे चला. गाडी एकदाच कुठेतरी लावा आणि वरच्या रस्त्याने चालत जा. खाणावळी आडबोळात असतात, गाडीतून दिसत नाहीत.

खाणावळ निवडताना पाटी वाचू नका, ताटं बघा. दारातूनच दिसतं: भाकरी तव्यावरून थेट ताटात येतेय की टोपलीत रचून ठेवलीय? थापल्याचा आवाज येत असेल तर आत शिरा. बसण्याआधी तीन गोष्टी विचारा. रस्सा परत मिळतो का, जादा भाकरीचे किती, आणि पोरांसाठी अर्ध्या ताटाची सोय आहे का. आम्ही एकदा हे न विचारता पाच थाळ्या मागवल्या. धाकटीने आळणी रस्सा आणि भात तेवढा खाल्ला, बाकी ताट तसंच. बिल मात्र पाच थाळ्यांचं.

मटण खायचं असेल तर शक्यतो बुधवार, शुक्रवार, रविवार गाठा. सोमवारी, गुरुवारी गिऱ्हाईक कमी, म्हणून ताज्याची खात्री करून घ्या. शाकाहारी मंडळींनी अख्खा मसूर, खर्डा आणि भाकरी सांगावी, पनीर कुठेही मिळतं. आठच्या आत पोचा. उशिरा गेलं की भाकरी संपून चपातीवर भागवावं लागतं.

आजी सोबत असतील तर जिना आहे का तेही बघा, ‘फॅमिली रूम’ बहुतेक माडीवरच असते.

येताना मोती चौकातून कंदी पेढे. पाव किलो पुरतात म्हणतात, पुरत नाहीत.