ओहायोच्या रानात हरणासाठी लिव्हर-ॲक्शन घेताना

हरणासाठी लिव्हर-ॲक्शन, म्हणजे चापाजवळचा दांडा खाली-वर करून पुढचं काडतूस नळीत घेणारी रायफल, म्हटलं की दुकानदारापासून शेजाऱ्यापर्यंत सगळे थर्टी-थर्टीचं नाव घेतात. विंचेस्टरने १८९५ साली आणलेलं .३०-३० काडतूस हरणाचं म्हणूनच ओळखलं जातं आणि ते कौतुक रास्त आहे. पण मी राहते लँकेस्टरजवळ, ओहायोत, आणि इथे हरणावर .३०-३० चालवणं बेकायदेशीर आहे.

कारण पुंगळीच्या, म्हणजे काडतुसातल्या दारू भरलेल्या धातूच्या नळकांड्याच्या, आकारात आहे. .३०-३० ची पुंगळी तोंडाकडे बाटलीसारखी निमुळती होते. ओहायोत हरणासाठी सरळ पुंगळीचंच काडतूस लागतं आणि कॅलिबर (गोळीची जाडी, इंचात) .३५७ ते .५० च्या दरम्यान असावं लागतं. २०१४ च्या आधी तर इथे हरणामागे रायफल घेऊन जाताच येत नव्हतं, शॉटगन नाहीतर ठासणीची बंदूक वापरायची. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात मात्र .३०-३० खुशाल चालतं. शिवाय तिथे हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या, रायफलला मनाई आहे, त्यामुळे लिव्हरवाले अजून भरपूर दिसतात. म्हणून रायफल बघायला जाण्याआधी ज्या राज्यात शिकार करायची तिथली या वर्षीची नियमावली वाचा. गेल्या वर्षीची नको, नियम बदलतात.

आपल्या लोकांसाठी आणखी एक गोष्ट. एच-१बी किंवा तशाच तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर फेडरल कायद्याप्रमाणे बंदूकच काय, काडतूस बाळगायलाही एरवी बंदी आहे. राज्याचा वैध शिकार परवाना असेल तर त्यातून सूट मिळते. तेव्हा आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग परवाना, आणि मगच दुकान. मित्राची रायफल 'जरा हातात धरून बघतो' हेसुद्धा परवान्याआधी नको.

आता अंतर. हॉकिंग हिल्सच्या बाजूला ओक, घळी आणि झुडपं. माझ्या मचाणावरून दिसणारा सगळ्यात लांबचा उघडा पट्टा ७० यार्डांचा (एक यार्ड म्हणजे तीन फूट) आहे. अशा ठिकाणी मी .४४ मॅग्नम सांगेन आणि माझ्याकडेही तेच आहे. १९५५ चं हे रिव्हॉल्व्हरचं काडतूस रायफलच्या लांब नळीतून बरंच जोरात निघतं. २४० ग्रेनची (सुमारे साडेपंधरा ग्रॅमची) गोळी सेकंदाला सुमारे १,७५० फूट वेगाने जाते. १०० यार्डांवर नेम बसवला, तर १५० यार्डांवर ती सुमारे सहा इंच खाली लागते. म्हणून मी १०० च्या पुढे चाप ओढत नाही.

पश्चिमेकडे मका-सोयाबीनच्या सपाट शेतांच्या कडेला बसणार असाल, तर मात्र .४४ अपुरं पडेल. तिथे .३६० बकहॅमर बघा. रेमिंग्टनने २०२३ मध्ये हे सरळ पुंगळीवाल्या राज्यांसाठीच काढलं आणि हेन्री कंपनीच्या लिव्हर रायफली त्यात मिळतात. १८० ग्रेनची गोळी २,४०० फुटांच्या आसपास जाते, म्हणजे वेग जवळजवळ .३०-३० चाच. काडतुसं मात्र प्रत्येक दुकानात मिळतील असं नाही. .३५७ मॅग्नमही कायद्यात बसतं. धक्का अगदी हलका, पण ७५ यार्डांच्या आत आणि हरीण कूस आपल्याकडे करून नीट उभं असेल तरच.

.४५-७० ची भुरळ पुष्कळांना पडते. १८७३ चं लष्करी काडतूस, अंगठ्याएवढी जाड गोळी, काय रुबाब! हरणासाठी त्याची गरज नाही. माझ्यासारख्या पाच फूट एक इंचाच्या बाईला हलक्या रायफलमधून त्याच्या चार गोळ्या झाडल्या की पाचव्याला डोळे आपोआप मिटतात, आणि मिटल्या डोळ्यांनी नेम लागत नाही. घ्यायचंच असेल, तर डब्यावरची सूचना वाचून घ्या. आधुनिक मार्लिन रायफलसाठी भरलेली जोरदार काडतुसं एकोणिसाव्या शतकातल्या, कमी दाब सोसणाऱ्या ट्रॅपडोअर रायफलमध्ये घालणं जिवावर बेतू शकतं.

गोळीच्या टोकाबद्दल मी जरा आग्रहीच आहे. बहुतेक लिव्हर रायफलींचं मॅगझिन म्हणजे नळीखालची दुसरी नळी. त्यात काडतुसं एकामागे एक झोपलेली असतात आणि मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाशी, बरोबर प्रायमरवर, म्हणजे ठोका बसताच पेट घेणाऱ्या टिकलीवर, टेकतं. टोक अणकुचीदार आणि टणक असेल, तर बार उडाल्याच्या धक्क्याने ते प्रायमरवर आपटून आतल्या आत स्फोट होऊ शकतो. म्हणून चपटं किंवा बोथट टोकच घ्यायचं. हॉर्नाडीच्या लिव्हरेव्होल्यूशनचं टोक अणकुचीदार असलं तरी मऊ रबरासारखं असतं, ते या नळीसाठीच बनवलंय. ब्राउनिंग बीएलआरसारख्या पेटी-मॅगझिनच्या रायफलींना ही अडचण नाही.

.४४ मध्ये आणखी एक बारकावा आहे. स्वसंरक्षणासाठीच्या पोकळ टोकाच्या गोळ्या रिव्हॉल्व्हरच्या वेगाला उमलतील अशा बनवलेल्या असतात. रायफलच्या वेगाने त्या वरच्यावरच फुटू शकतात, फुप्फुसापर्यंत पुरेशा जात नाहीत. जनावर जखमी होऊन पळणं यासारखं वाईट काही नाही. म्हणून २४० ग्रेनची सॉफ्ट-पॉइंट, म्हणजे टोकाला मऊ शिसं उघडं असलेली गोळी. हे मांस आमच्या घरी शिजतं आणि मुलं खातात, त्यामुळे जखमेभोवतीचं मांस मी हात न राखता कापून टाकते, शिशाचे बारीक कण तिथून बरेच लांब पसरतात. ज्यांना शिसं नकोच, त्यांनी तांब्याची गोळी बघावी. कॅलिफोर्नियात तर २०१९ पासून शिकारीला शिसं चालतच नाही.

कंपन्यांच्या भांडणात मी पडत नाही. तीन कंपन्यांचे एकाच वजनाचे डबे घ्या आणि चांदमारीवर जा. आधी डब्यावरचं नाव आणि नळीवर कोरलेलं नाव अक्षरशः ताडून बघा. मग वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून ५० यार्डांवर तीन-तीन गोळ्या, मध्ये नळी निवू द्यायची. ज्या डब्याच्या तिन्ही गोळ्या दोन इंचांत बसतात तो आपला. त्यानंतर १०० यार्ड, आणि शेवटी टेकू न घेता, बसून. सरावाला .४४ स्पेशल त्याच रायफलमध्ये चालतं आणि खांदा वाचतो, पण काही रायफली ते आखूड काडतूस अडकवतात. लिव्हर सावकाश न चालवता झटक्याने पूर्ण खाली-वर करून बघा.

भरण्याचाही सराव हवाच. ओहायोत नळी आणि मॅगझिन धरून तीनच काडतुसं भरायची परवानगी आहे, मग मॅगझिनमध्ये दहा मावत का असेनात. बाजूच्या फटीतून भरायची रायफल असेल, तर गोळीचं टोक फटीवर टेकवून अंगठ्याने आत ढकलायचं, आणि काडतूस पूर्ण आत जायच्या जरा आधी थांबून पुढच्या काडतुसाच्या टोकाने ते ढकलायचं. नाहीतर फटीची पत्ती अंगठा चिमटते. डिसेंबरच्या थंडीत हातमोजे घालून हे जमतंय का, ते आधी घरी दारू-प्रायमर नसलेल्या डमी काडतुसांवर बघा.

जमलेल्या डब्यावरचा लॉट नंबर लिहून ठेवा आणि त्याच लॉटचे आणखी दोन डबे सप्टेंबरमध्येच आणा. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी बंदुकीचा हंगाम उघडतो, आणि त्याच्या आदल्या आठवड्यात दुकानात सरळ पुंगळीची काडतुसं हवी ती मिळतीलच असं नाही.