पावसात कान ठणकतोय? या चुका टाळा

पहिल्या पावसापासून गणपती होईपर्यंत कोकणात हवा ओलीच असते. दोरीवरचा टॉवेल दोन-दोन दिवस वाळत नाही, मग कानाची नळी तरी कुठून वाळणार? मोठ्या माणसात ही नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब, थोडी वाकडी आणि आतून पडद्याने बंद असते. विहिरीत, तळीत किंवा समुद्रात पोहल्यावर तिच्यात पाणी साचून राहतं, त्वचा भिजून फुगते आणि जंतूंना वाट मिळते.

आधी दुखणं नेमकं कुठलं ते ओळखा. कान धरून हलकेच ओढला किंवा कानाच्या तोंडासमोरची लहानशी कूर्चा (लवचीक मऊ हाड) दाबली आणि कळ आली, तर सूज बहुधा बाहेरच्या नळीत आहे. सर्दीनंतर आतून ठणका लागला, ताप आला, पण कान ओढून फारसं दुखत नाही, तर दुखणं बहुधा पडद्यामागचं असतं आणि त्याचा इलाज वेगळा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कान कोरणं. काडी, हेअरपिन, गाडीची चावी, कापसाचं बड, काहीच त्याला अपवाद नाही. मळ ही घाण नव्हे. तो किंचित आम्लधर्मी आणि तेलकट असतो, त्वचेला ओलीपासून आणि जंतूंपासून जपतो. बडने तो निघण्यापेक्षा आत जास्त ढकलला जातो आणि नळीच्या नाजूक त्वचेवर ओरखडे उठतात. खाज येते म्हणून कोरायचं आणि कोरल्यामुळे पुन्हा खाज, हे चक्र तोडल्याशिवाय कुठलंच औषध टिकत नाही.

दुसरी चूक लसूण घालून कढवलेल्या खोबरेलाची. गरम तेलाने आतली त्वचा भाजते, ओल आणि कचरा तेलाखाली अडकतो. पडद्याला भोक असेल तर तेल थेट मधल्या कानात उतरतं. जिवंत किडा कानात शिरला असेल आणि पडदा शाबूत असेल, तेव्हा कोमट तेलाचे चार थेंब चालतात, तेही किडा मारण्यापुरते. तो काढायचा डॉक्टरांनीच.

तिसरी चूक म्हणजे कानाच्या थेंबांची मागच्या वर्षीची उघडी बाटली. पावसाळ्यात कानात बुरशी फार होते: दुखण्यापेक्षा खाज जास्त, दडे बसतात, आत पांढरट-करडा ओला लगदा आणि कधी काळे ठिपके दिसतात. त्यावर अँटिबायोटिकचे थेंब घालत राहिलात तर बुरशी आणखी माजते. आधी डॉक्टरांकडून कान साफ करून घ्यावा लागतो, मग क्लोट्रिमॅझोलसारखे थेंब. खाज थांबली तरी सांगितलेले दिवस पुरे करा. पडदा फाटलेला असेल तर जेंटामायसिन, निओमायसिनसारख्या थेंबांनी ऐकू येण्यालाही धोका असतो, म्हणून पडदा तपासल्याशिवाय थेंब नकोत.

थेंब घालण्यातही चुकतं. बाटली दोन मिनिटं मुठीत धरा, गार थेंबांनी चक्कर येते. दुखरा कान वर करून कुशीवर झोपा. मोठ्यांचा कान वर आणि मागे ओढा, तान्ह्या मुलाचा खाली आणि मागे. थेंब टाकून कूर्चा हलकेच चार-पाच वेळा दाबा आणि पाच मिनिटं तसेच पडून राहा. नंतर कापूस कोंबून ठेवू नका, ओल कोंडते. कापूस फक्त अंघोळीपुरता, व्हॅसलिन लावून, नळीच्या तोंडाशी. पोहणं सात ते दहा दिवस बंद. एरवी पोहून आल्यावर मान कलवा, कान ओढून पाणी गळू द्या आणि टॉवेलच्या टोकाने बाहेरूनच टिपा.

खोट्या दागिन्यांनी पाळीला खाज सुटली तर दागिना काढला की बहुतेकदा भागतं. पण कानाच्या वरच्या कूर्चेत टोचलेलं भोक लाल होऊन कान सुजला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. उशीर झाला तर कूर्चा सडून कानाचा आकार बिघडतो.

दोन-तीन दिवस औषध घालूनही ठणका कमी होत नसेल तर पुन्हा दाखवा. मधुमेह असेल, रात्री झोपू न देणारा ठणका असेल, कान वाहत असेल किंवा तोंड वाकडं वाटत असेल, तर दोन दिवस थांबणंही परवडणारं नाही. संसर्ग कवटीच्या हाडात शिरलेला असू शकतो. गावातल्या दवाखान्यात थेंब बदलून घेण्यात वेळ न घालवता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जिल्ह्याच्या ठिकाणी निघा, साखरेचा रिपोर्ट आणि चालू गोळ्या सोबत घेऊन.