फायर सूटचा रंग: ऑर्डर देताना आणि नंतर या चुका टाळा

नाशिकजवळच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत स्वतःचं अग्निशमन पथक उभं राहतं, तेव्हा सूट कंपनीच्या रंगात हवेत अशी मागणी होते. त्यात गैर काही नाही. पण "आधी सूट येऊ देत, रंग नंतर बदलून घेऊ" असं कोणी म्हणालं, तर त्याला तिथेच थांबवा.

तयार सूट रंगवायला देणं

सूटचा बाहेरचा थर बहुधा नोमेक्स, केव्हलार अशा अरामिड (उष्णता सोसणाऱ्या कृत्रिम) धाग्यांचा असतो. नोमेक्स मुळात पांढरट, केव्हलार पिवळसर. या धाग्यांची आतली रचना इतकी घट्ट असते की साधा रंग त्यात मुरतच नाही. म्हणून बरेचदा धागा तयार होतानाच रंग मिसळतात. येवल्याचा रंगारी पैठणीचं रेशीम उत्तम रंगवतो, पण त्याच्या कढईत हा सूट टाकला तर रंग धड बसणार नाही. उलट उकळत्या पाण्याने आणि रसायनांनी पाणी आत येऊ न देणारा मधला थर खराब होईल. स्प्रे पेंट तर नकोच; तो आगीत पेटतो.

काळा रंग, कारण मळ दिसत नाही

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि मला तीच सगळ्यात घातक वाटते. सूटवरची काजळी हा निव्वळ मळ नसतो, त्यात कर्करोगाला कारण ठरणारी द्रव्यं असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2022 मध्ये अग्निशमनाचं कामच कर्करोगकारक गटात टाकलं. खाकी किंवा सोनेरी सूटवर काजळी लगेच दिसते आणि तो धुवायला जातो. काळा सूट तसाच खुंटीला लागतो आणि पुढच्या कॉलला पुन्हा अंगावर चढतो. काळाच हवा असेल, तर प्रत्येक आगीनंतर धुण्याची नोंदवही ठेवा.

शेड मोबाइलवर पाहून पक्की करू नका. कापडाचा तुकडा मागवा. उन्हात, ट्यूबलाइटखाली आणि रात्री हेडलाइटसमोर धरून पाहा. जॅकेट आणि पँट एकाच लॉटमधली घ्या. आयएस 16890 (भारतीय) किंवा ईएन 469 (युरोपीय) या फायर सूटच्या मानकाचं टेस्ट सर्टिफिकेट तुम्ही निवडलेल्याच कापडाचं आहे ना, तेही तपासा.

टेपवर लोगो, पाठीवर भरतकाम

ईएन 469 प्रमाणे दृश्यमानतेसाठी परावर्तक (प्रकाश परतवणारी) टेप किमान 0.13 चौरस मीटर लागते. लोगोने ती झाकली, तर धुरात माणूस दिसेनासा होतो. तयार जॅकेटवर भरतकाम केलं, तर सुई आतल्या थरांना भोकं पाडते. शिवाय साधा पॉलिस्टर दोरा साधारण 260 अंशांना वितळतो. नावाची पट्टी सूट शिवतानाच, फक्त बाहेरच्या थरावर, अरामिड दोऱ्याने लावून घ्या. बाजारात मीटरवर मिळणारी साधी चमकती टेप इथे चालत नाही.

हेल्मेटही घरी रंगवू नका. पेंटमधल्या थिनरने प्लॅस्टिकचं कवच ठिसूळ होऊ शकतं. हुद्द्यानुसार हेल्मेटचे रंग ठरवताना शिंगाडा तलावच्या महापालिका अग्निशमन केंद्राशी आधी बोला. मोठ्या आगीत दोन्ही पथकं एकत्र असतात, तेव्हा प्रमुख कोण हे लांबून कळायला हवं.

रंग उडालाय, आता काय?

आधी सूट कुठे वाळतो ते पाहा. गच्चीवरच्या उन्हात रंग तर उडतोच, पण केव्हलारची ताकदही घटते. सावलीत, वाऱ्यावर वाळवा. ब्लीच आणि फॅब्रिक सॉफ्टनर बंद करा. मग फिकट भागावर पाणी शिंपडा. थेंब ओघळून न जाता कापडात मुरले, तर पाणी झटकणारं वरचं फिनिश गेलंय. ते पुन्हा करता येतं का, हे सूट बनवणाऱ्यालाच विचारा. फिकट भागाची वीण विरली असेल किंवा कापड सहज फाटत असेल, तर सूट बाद करा. त्यावर ठळक खूण करा आणि खऱ्या आगीच्या सरावालाही तो देऊ नका.