पहिल्या तीन महिन्यांत जुनी घडी मोडा

परदेशात राहायला आलो, सामान लागलं, बँकेत खातं उघडलं, की बहुतेक जण जुनं वेळापत्रक जसंच्या तसं नव्या घरात मांडतात. पहिली चूक तीच. सवय माणसाच्या निश्चयापेक्षा आसपासच्या खुणांवर जास्त चालते: ठरावीक खुर्ची, रस्ता, वेळ, सोबतीचा माणूस. देश बदलला की या खुणा एकदम पुसल्या जातात. बास व्हरप्लांकेन आणि डेबोरा रॉय या संशोधकांनी 2016 साली पर्यावरणपूरक सवयींवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. नव्या घरात येऊन तीन महिन्यांच्या आत असलेल्यांमध्ये बदल अधिक सहज झालेला त्यात दिसला. तेव्हा जे मोडायचं ते आत्ताच मोडायला घ्या, ‘आधी स्थिरस्थावर होऊ दे’ म्हणू नका.

दोनच सवयी निवडा, एक घरची आणि एक कामाची. पाच धरल्या तर पाचही सुटतात, कारण भाषा, रस्ते, कागदपत्रं यांतच दिवसाची निम्मी शक्ती जाते. सवय रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधा. ‘रोज चालेन’ हे फार मोघम झालं. ‘कामावरून आलो, पिशवी ठेवली, की बूट न काढता 20 मिनिटं चालायला’ हे टिकतं. बूट काढून बसलात की त्या दिवसापुरतं संपलं.

21 दिवसांत सवय लागते, हे विसरा. संशोधक फिलिपा लॅली यांच्या लंडनमधल्या अभ्यासात 96 जण होते. सवय अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मध्यक (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) 66 आला आणि माणसागणिक अंदाज 18 पासून 254 दिवसांपर्यंत गेला. मधला एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. फार दमला असाल तर 20 मिनिटांची 5 करा, पण वेळ आणि खूण तीच ठेवा.

घरच्यांशी बोलणं तोडायचं नाही, त्याची वेळ बांधायची. दोन देशांच्या वेळांमध्ये अंतर असलं की फोन रात्री उशिरापर्यंत लांबतो, झोप कमी पडते, सकाळी चिडचिड होते आणि खापर मात्र नव्या देशावर फुटतं!

खरी कसोटी कामावर. आपल्याला कितीतरी वेळा ‘हो’ म्हणजे ‘ऐकलं’ एवढंच म्हणायचं असतं. समोरचा मात्र ‘करतो’ असं समजतो. मग तारीख उलटते आणि दोघंही गोंधळतात. काम हातात आलं की तिथल्या तिथे तीन गोष्टी विचारा: कधीपर्यंत हवं, कुठवर आलं की ते पूर्ण झालं असं धरायचं, अडलं तर कोणाला गाठायचं. तासाभरात चार ओळींचा मेल टाकून तेच पक्कं करा. गैरसमज असेल तर त्याच दिवशी कळतो.

अडलेलं काम लपवून रात्र जागवणं ही दुसरी खोड. अर्धा ते एक तास स्वतः झटा, मग विचारा. पण नुसतं ‘होत नाही’ म्हणू नका. काय करून पाहिलं, नेमकं कुठे अडलं, तुम्हाला काय वाटतं, या क्रमानं सांगा. अशा प्रश्नानं तुमची किंमत घटत नाही.

जुन्या हुद्द्याचं ओझंही उतरवा. ‘आमच्याकडे असं नव्हतं’ हे वाक्य पहिले तीन महिने तोंडातून काढू नका. त्याऐवजी ‘हे असं का करतात?’ विचारा. निम्म्या वेळा त्यामागे एखादा नियम किंवा जुना अपघात निघतो.

आपल्या भाषेची माणसं हवीतच, पण फक्त तीच असली तर संधीही त्याच त्या कळतात. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 साली दाखवलं, की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसांकडून कळली होती. आठवड्याला एका तरी अर्धओळखीच्या माणसाशी 15 मिनिटं बोला.

सहाव्या-सातव्या आठवड्याला नव्याची नवलाई ओसरते. जुनं जोरात ओढतं, ते इथेच. या काळात तिसरी सवय जोडायला जाऊ नका. नव्वदाव्या दिवशी दोन्ही सवयी तपासा. जी रुजली नसेल ती टाकून देण्याआधी तिची खूण बदला. संध्याकाळ साधत नसेल, तर सकाळी दाराला कुलूप लावतानाची वेळ धरून बघा.